रस्ट पॅरिशचा रविवार

आन्यानं गाडी सुरू केली आणि गाडीभर एक माणूस ओरडू लागला. ओरडणं मधूनच सुरू झालं. बंद खोलीत कुणी बराच वेळ ओरडत असावं आणि आपण अचानक दार उघडावं तसं. त्याच्यामागे लोखंडावर लोखंड आपटत होतं. मी सीटबेल्ट घट्ट धरला आणि ग्रंथालयात परत करायची पुस्तकं मांडीवरून पायाशी घसरली. आन्यानं ड्राइव्हवेतच ब्रेक दाबला. ती माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे बघत होती. माझा फोन गेल्या आठवड्यात बिघडला म्हणून संजीवनं, माझ्या मुलानं, शुभाचा, माझ्या बायकोचा, जुना फोन ड्रॉवरमधून काढून मला दिला होता. तो फोन नातीच्या गाडीला ओळखतो, हे मला काय ठाऊक! वर्षभर बंद राहून तो जागा झाला, गाडीत शिरला आणि जिथं थांबला होता तिथून पुढे वाजवू लागला. मी तो काढून कुठं दाबायचं ते शोधू लागलो, तर आन्यानं माझं मनगट धरलं. "आबा, डोन्ट. आजीचं आहे ते," ती म्हणाली. "शी स्टॉप्ड राइट देअर. तुमचा कॉल आला होता, रिमेंबर? केव्हा येताय म्हणून."

मला आठवत नव्हतं. असे फोन मी नेहमीच करत असे. बायको नातीबरोबर भाजी आणायला गेली की थोड्या वेळानं मला घर फार मोठं वाटू लागे. पण त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला हे चाललेलं असेल, अशी शंकाही मला कधी आली नव्हती. मी म्हटलं, "हे आजी ऐकायची?" आन्या हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. सतराव्या वर्षी दोन्ही एकदम करता येतं. "ऐकायची? आबा, शी वॉज अ फॅन. रस्ट पॅरिश, द बँड. ती म्हणायची, हे मला ऐकू येतं."

हे मला ऐकू येतं. शुभा असं म्हणाली असेल, हे मला लगेच पटलं, कारण हे तिचं वाक्य होतं, फक्त उलटं केलेलं. शेवटची पाच-सहा वर्षं ती दिवसभर 'ऐकू येत नाही' म्हणत असे. कानातली यंत्रं होती, पण ती घातली की ताटल्यांचा आवाज डोक्यात घुसतो आणि माणसांचा येतच नाही, अशी तिची तक्रार. माझा तर मुळीच येत नसे. माझा आवाज आधीच बारीक. त्यात मी सांगलीच्या कॉलेजात सारा जन्म ग्रंथपाल म्हणून काढलेला. समोरच्या विद्यार्थ्याला दटावायचं झालं तरी मी ते कुजबुजून करत असे. पोरं माझी नक्कल करत, हेही मला माहीत होतं. घरीही तेच. मी वाचत बसलो की शुभा संजीवला ओठांवर बोट ठेवून दाखवायची. संजीवही मग हळू बोलणारा झाला. आमच्या घरी आलेले पाहुणे दहा मिनिटांत आवाज खाली आणत, आजारी माणसाच्या खोलीत आणतात तसा. मला ते सुसंस्कृतपणाचं लक्षण वाटे. आता वाटतं की नाही, ते नक्की सांगता येत नाही. माझं कुठलंच मत फार दिवस माझ्यापाशी टिकत नाही.

शुभा इचलकरंजीची. तिच्या माहेरी घराच्या मागच्या अर्ध्या भागात यंत्रमाग होते, आठ की दहा. मी लग्न ठरवायला गेलो तेव्हा तिचे वडील माझ्याशी काहीतरी बोलत होते आणि मी नुसती मान हलवत होतो, कारण भिंतीपलीकडच्या खटखटीत एक शब्द कळत नव्हता. चहाच्या कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उठत होती. ती माणसं मात्र त्या आवाजावरून सहज बोलत होती, ओढ्यावरून उडी मारावी तशी. लग्नानंतर सांगलीला पहिला महिनाभर शुभाला झोप आली नाही. आईची आठवण येत असेल, असं मी धरून चाललो. बऱ्याच वर्षांनी एकदा ती म्हणाली, आमच्याकडं वीज जाऊन माग थांबले की पाळण्यातली पोरं दचकून उठायची हो, रडायची. मी पुस्तकातून मान वर करून 'असं?' म्हणालो. त्यापुढं काही म्हटलं नसावं.

त्या दिवशी ग्रंथालयात मी नेहमीच्या कपाटाकडे गेलो नाही. इथलं ग्रंथालय मोठं आहे, आणि अमेरिकेतल्या या शॉमबर्ग गावातली तेवढी एकच जागा मला ओळखीची वाटते, कारण तिथं सगळे माझ्या आवाजात बोलतात. मी खिडकीतल्या बाईंना रस्ट पॅरिशबद्दल काही आहे का असं विचारलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि संगीताची मासिकं काढून दिली. माझी सवय अशी की, एखादी गोष्ट समजली नाही की मी तिच्याबद्दल वाचतो. त्यानं ती समजतेच असं नाही. पण निदान आपण बाहेर उभे आहोत याची लाज कमी होते.

इंग्लंडच्या मध्यभागी एक गाव आहे, तिथं पूर्वी जहाजांच्या साखळ्या घडवत. भट्ट्या बंद पडल्या, घण थांबले आणि गाव गप्प झालं. त्या गप्प गावातल्या चार पोरांनी एका चर्चच्या तळघरात वाजवायला सुरुवात केली. पाद्र्यानं जागा दिली ती एका अटीवर, की कुणाचं प्रेत वर ठेवलेलं असेल तेव्हा वाजवायचं नाही. ढोल वाजवणाऱ्या मुलाचे वडील घणावर काम केलेले. ते एकदा तालीम ऐकायला आले आणि म्हणाले, मला वाटलं कारखाना उघडला. पहिली ध्वनिमुद्रिका त्यांनी दोन दिवसांत केली. मग एका जुन्या व्हॅनमधून ती पोरं देशभर फिरली, पुढं अमेरिकेत आली. त्यांचा इथला पहिला कार्यक्रम आमच्यापासून अर्ध्या तासावर, माजी सैनिकांच्या एका हॉलमध्ये, रविवारी दुपारी झाला होता. ऐकायला जेमतेम तीसजण. मग नाव झालं. मग एका मोठ्या कंपनीनं त्यांना धरलं आणि सांगितलं, छान आहे, फक्त थोडं गोड करा, म्हणजे रेडिओवर जाईल. त्यांनी गोड केलं. ते विकलं गेलं नाही. ज्यांना कडू आवडत होतं त्यांनी पाठ फिरवली आणि ज्यांना गोड हवं होतं त्यांच्याकडे आधीच भरपूर होतं. कंपनीनं सोडलं. एकजण पाव पोचवण्याच्या गाडीवर लागला, एकानं शाळेत शिपायाची नोकरी धरली. तीन वर्षांनी ते परत त्याच तळघरात जमले आणि पूर्वीपेक्षा मोठ्यानं वाजवू लागले. मुलाखतीत कुणीतरी विचारलं होतं, त्या गोड मुद्रिकेबद्दल पस्तावा वाटतो का? गाणारा म्हणाला होता, पस्तावा नाही, पण ती आम्ही पुन्हा वाजवणार नाही. आता वय झालं, घसा गेला, म्हणून ते थांबत होते. त्याबद्दलचं त्यांचं निवेदन दोनच ओळींचं होतं: आम्हाला कुणी बंद पाडलेलं नाही. आम्ही थांबतो आहोत. आणि शेवटचा अमेरिकेतला कार्यक्रम होता जिथं पहिला झाला त्याच हॉलमध्ये, पुन्हा रविवारी दुपारी.

परतताना मी आन्याला विचारलं, "ते गोड केलेलं आजीला आवडायचं का?" आन्या म्हणाली, "आजी म्हणाली होती, हे बंद कर गं, यातलं काही ऐकू येत नाही." मग आन्यानं बाकीचं सांगितलं. बेसमेंटमध्ये कपडे धुवायच्या मशीनशेजारी तिचा मोठा स्पीकर आहे. शुभा धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करायला खाली जाई, ती दोन तास वर येत नसे. मला वाटे, गुडघे दुखत असतील, जिना चढवत नसेल. ती कानातली यंत्रं काढून स्पीकरवर तळहात ठेवून बसलेली असे. कधी त्याला पाठ टेकून. पहिल्यांदा तिनं हात ठेवला तेव्हा ती म्हणाली होती, "अगो बाई, हे तर आमचं इचलकरंजी!" आन्याला इचलकरंजी म्हणजे बँडचं नाव वाटलं. तिनं ते फोनवर शोधूनही पाहिलं. "आणि आबा, आजी प्रॉमिस्ड. टूर अनाउन्स झाली तेव्हाच. अठराच्या खाली असेल तर ग्रोनअप लागतो ना विथ यू. ती म्हणाली, मी येईन, मला एक खुर्ची मिळाली म्हणजे झालं." गाडी लाल दिव्याला उभी होती. "अँड देन शी... यू नो. आणि आता ममा-डॅडनी श्राद्ध त्याच संडेला ठेवलंय."

रात्री जेवताना आन्यानं विषय काढला. मला वाटतं, तिनं माझ्याकडे बघून धीर केला, आणि ते चुकीच्या माणसाकडे बघणं होतं. सुलेखा, माझी सून, पोळी वाढता वाढता थांबली. "आन्या, आर यू सीरियस? आजीचं वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी तुला किंचाळणारी माणसं बघायला जायचंय?"

"ममा, पूजा सकाळी आहे. शो दुपारी आहे. लंचला मी नसले तर काय होणारे?"

"पंचवीस लोक येतायत," संजीव म्हणाला. तो रागावला की त्याचा आवाज आणखी खाली जातो. "नेपरव्हिलहून येतायत, मिलवॉकीहून येतायत. गुरुजी त्यांचं ऑफिसचं काम रीशेड्यूल करून येतायत. आणि घरातली मुलगी कुठाय, तर कॉन्सर्टला. हाऊ डज इट लुक?"

"आजीला चाललं असतं."

"आजीला काय चाललं असतं ते तू मला सांगू नकोस."

मी तेव्हा म्हणालो, मी जातो तिच्याबरोबर. मी म्हणालो हे मला पक्कं आठवतं. पण बहुतेक ते मी वाटीतल्या आमटीला म्हणालो, कारण सुलेखानं लगेच डाव उचलला आणि विचारलं, "काय बाबा, आमटी देऊ?" मी वाटी पुढं केली. आन्या ताट उचलून निघून गेली. मी आमटी संपवली. नको होती, तरी पुरती संपवली. असा मी आहे. पलंगावर पडल्यावर मला उत्तरं सुचतात, मुद्देसूद, कधी संस्कृत वचनासकट, आणि ती ऐकायला शुभासुद्धा नसते. ती होती तेव्हाही तिला ऐकू येत नव्हतं म्हणा. शेवटच्या वर्षी तर मी बोलणंच सोडून दिलं होतं. काही सांगायचं असलं की तिच्या दंडाला हात लावी आणि बोटानं दाखवी. चहा, औषध, खिडकी. आणि ती, आता कळत होतं, दोन तास खाली जाऊन त्या इंग्रजांचं ऐकून येत होती. मला राग यायला हवा होता का? आला थोडा. मत्सरच तो. चार अनोळखी माणसं समुद्रापलीकडून माझ्या बायकोपर्यंत पोचली होती आणि मी पलंगाच्या दुसऱ्या कडेला होतो. त्या रागाच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आलं. त्याला मला चटकन नाव देता आलं नाही. ते सुखासारखं होतं. तिला शेवटी शेवटी काहीतरी ऐकू येत होतं.

खरं म्हणजे शुभाची तिथी रविवारी नव्हतीच. ती बुधवारी होती. इथं सगळे सण शनिवार-रविवारी ढकलतात. गणपती शनिवारी बसतो, संक्रांत रविवारी येते, आणि त्यात कुणाचं काही चुकतं असं मला वाटत नाही. लोकांना कामावर जावं लागतं. गुरुजींनीही फोनवर सांगितलं होतं, परदेशात चालतं हो, भाव महत्त्वाचा. पण मरण काही कुणी ढकललं नव्हतं. बुधवारी सगळे गेल्यावर मी कुकर लावला, भातात दही-तीळ कालवले आणि पत्रावळीवर घालून मागच्या डेकवर ठेवलं. कावळा कुठून यायचा! आला तो हंस, म्हणजे इथली ती करडी, लांब मानेची, रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा अडवणारी बदकासारखी पक्षीण. ती तळ्याकडून ठुमकत आली, माझ्यावर फिस्सकन ओरडली आणि भात खाऊन गेली. एक शीत ठेवलं नाही. मी काचेच्या दारामागे उभा होतो. मला हसू आलं. शुभाच्या माहेरच्या बायका अशाच होत्या, जेवायला बसल्या की कुणाची पर्वा नाही. मला त्या वेळी निश्चित वाटलं की, हे पोचलं. शास्त्रात याला आधार नाही, मी बघितलं.

रविवारी सकाळी विधी झाला. गुरुजी तरुण, नागपूरचे, आठवडाभर कुठल्याशा बँकेसाठी प्रोग्रॅम लिहितात. दर्भ त्यांनी लॅपटॉपच्या बॅगेतून काढले. संजीव सोवळं नेसून बसला, आणि त्याची उघडी पाठ बघून मला तो आठ-नऊ वर्षांचा असल्यासारखा वाटला. ओठांवर बोट ठेवलेली त्याची आई आणि हा, पावलं न वाजवता खोलीतून जाणारा. तो पिंडावर पाणी सोडत होता आणि त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मला त्याची दया आली, आणि स्वतःची भीती वाटली, की दयेपोटी मी आज पुन्हा गप्प बसेन. मग माणसं आली. बायका स्वयंपाकघरात, पुरुष दिवाणखान्यात. कुणाची ग्रीन कार्डाची रांग, कुणाच्या मुलाचं कॉलेज. इथल्या मराठी मंडळाचे जुने अध्यक्ष प्रल्हाद माझ्याशेजारी बसून मला धीर देत होते. आन्या जिन्यावर बसली होती, काळा टीशर्ट घालून. त्यावर एक तुटलेली साखळी छापलेली होती आणि इंग्रजीत 'रस्ट पॅरिश'. सुलेखा जाता-येता तिला बदलायला सांगत होती. आन्या माझ्याकडे बघत नव्हती. ते मला लागलं. तिनं माझी आशा सोडली होती.

पानं वाढायला घेतली तेव्हा मी उठलो. गुडघ्यांतून आवाज आला, तेवढा एकच. मी दिवाणखान्याच्या मध्यावर जाऊन उभा राहिलो, आणि आता काय, हे मला कळेना. कुणाचं लक्षही नव्हतं. मग मी म्हणालो, "मी आणि आन्या निघतो." ते प्रल्हादांनी ऐकलं. "कुठं निघता, गुरुनाथराव? पानं वाढलीत."

"रस्ट पॅरिश ऐकायला."

"कसला परीस?" ते हसले. मग त्यांनी आन्याचा टीशर्ट बघितला आणि आणखी हसले. "अहो, या वयात डोकं हलवाल, मान अडकेल! आमच्या वहिनींच्या श्राद्धाला तुम्ही रॉक अँड रोल करणार?"

चार माणसं हसली. संजीव लगबगीनं आला. त्यानं माझ्या दंडाला हात लावला, अगदी मी शुभाला लावत असे तसा, आणि डोळ्यांनी आतल्या खोलीकडे खूण केली. "बाबा, प्लीज," तो कुजबुजला. "आत चला. सगळे बघतायत."

"बघू देत," मी म्हणालो. हे मी मोठ्यानं म्हणालो असावं, कारण स्वयंपाकघरातली भांडी थांबली. एवढ्या माणसांसमोर मी कधी बोललो नव्हतो, आणि माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटला, फाटका, वर चढलेला, मध्येच घसरणारा. "तिथी बुधवारी होती, संजीव. तुम्ही सोयीनं आज केलीत, माझी काही तक्रार नाही. पण तिचं जेवण तिला बुधवारी पोचलं. हंस येऊन खाऊन गेला."

"हंस?" कुणी तरी म्हणालं.

"आज जे आहे ते या मंडळींचं जेवण आहे. त्यांना जेवू घाला, पोटभर. तिनं नातीला शब्द दिला होता की, मी तुझ्याबरोबर येईन. ती येऊ शकत नाही, म्हणून मी जातो. यात रॉक अँड रोल काही नाही, प्रल्हादराव. आणि असलं, तरी ते तिचं आहे. तिला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. तुमच्या मंडळातली भावगीतं नाहीत, माझं बोलणं नाही." मला आणखी बरंच सांगायचं होतं, इचलकरंजीबद्दल, मागांबद्दल, पण श्वास संपला. "आन्या, चल," मी म्हणालो.

सुलेखाच्या हातात मिठाची वाटी होती. ती तशीच धरून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवलाही नाहीत." मी चपला शोधत होतो, पंचवीस माणसांच्या चपलांच्या ढिगात. एक सापडली, दुसरी सापडेना. स्वाभिमानानं निघालेल्या माणसाची अशी फजिती मी पुस्तकात वाचली असती तर लेखकाला दाद दिली असती. शेवटी गुरुजींनी ती शोधून माझ्यापुढं ठेवली. आणि हळूच म्हणाले, "काका, तो हंसाचा मुद्दा, मीबी बघतो शास्त्रात."

हॉल अगदी साधा होता. भिंतींना लाकडी फळ्या, कोपऱ्यात झेंडा, मेलेल्या सैनिकांचे फोटो. बाहेर उन्हात रांग होती, आणि रांगेतली निम्मी माणसं टकली होती. कुणाच्या खांद्यावर कानांना मोठी झाकणं लावलेलं मूल. दारावरच्या माणसाच्या मानेपर्यंत गोंदलेलं होतं. त्यानं आन्याकडची दोन तिकिटं बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, आता हाही हसणार. तो आत गेला आणि घडीची खुर्ची घेऊन आला. माझ्या तळहातावर त्यानं दोन मऊ बोंडं ठेवली आणि स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. आन्यानं खुर्ची भिंतीला लावली. "आबा, यू ओके? नाही आवडलं तर आपण जाऊ. रिअली." मी तिला म्हटलं, तू पुढं जा. ती गेली नाही. माझ्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहिली.

मग ते आले. चार वयस्क माणसं, एकाचं पोट सुटलेलं. घणवाल्याचा मुलगा ढोलामागे बसला, त्यानं बाह्या वर केल्या. पुढं काय झालं ते मला ऐकलं असं म्हणता येत नाही. बोंडं कानात होती तरी ते कानांतून आलं नाही. ते खुर्चीच्या पायांतून आलं, फळ्यांतून पाठीत आलं, बरगड्यांच्या आत शिरून बसलं. माझ्या खिशातलं पेन थरथरू लागलं. मला आधी फक्त भीती वाटली, छाती आता थांबेल अशी. मग ध्यानात आलं की, यात ठोका आहे. दोन हलके, एक जड, मध्ये पोकळी, पुन्हा जड. मागावर धोटा इकडून तिकडे जावा, फणी बसावी तसा. मी उठलो आणि तळहात फळीवर टेकला. सासऱ्यांच्या घरची भिंत. चहावरची वर्तुळं. पलीकडे ती, अठरा-एकोणीस वर्षांची, मला न दिसलेली, या आवाजावरून सहज उडी मारून कुणाशी तरी बोलणारी. मी तिला तिथून उचलून आणलं आणि पुस्तकांच्या कपाटांत ठेवलं, आणि ती तिथं न कुरकुरता जगली, आणि शेवटी शॉमबर्गच्या बेसमेंटमध्ये तिला तिचं घर परत मिळालं. ते मी दिलेलं नव्हतं. पण तिनं ते कुणाची परवानगी न घेता मिळवलं होतं, याचा मला विलक्षण अभिमान वाटला. समोर पोरं एकमेकांवर आदळत होती. जो पडे त्याला दहा हात उचलत होते.

अर्ध्यावर गाणाऱ्याचा घसा संपला. ते उघड दिसलं. तोंड मोठं उघडलेलं, शिरा ताणलेल्या, आणि आवाज नुसता भाता फुंकावा तसा. मला वाटलं, आता हे थांबणार, दिलगिरी व्यक्त करणार. मी केली असती. त्यानं माइक लोकांकडे धरला आणि स्वतः आवाजाशिवाय ओरडत राहिला, जराही न ओशाळता, आणि सगळा हॉल त्याच्या जागी ओरडू लागला. टकली माणसं, झाकणवालं मूल, दारावरचा गोंदलेला माणूस, माझी आन्या. शब्द मला माहीत नव्हते. मी कानांतली बोंडं काढून खिशात टाकली. डॉक्टर काय म्हणतील, असा विचार आला आणि आला तसा चिरडला गेला. मी तोंड उघडलं. शुभाला मी जन्मभर नावानं हाक मारली नव्हती, आमच्या वेळी मारत नसत. तेव्हा जे आलं ते नेहमीचंच आलं, रोजचं, चहाच्या वेळचं. "अगं!" मी ओरडलो. "अगं, ऐकतेस का!" माझा आवाज मला ऐकू आला नाही. तो त्या सगळ्यांत मिसळला, कुणी वळून बघितलं नाही. म्हणून मी पुन्हा ओरडलो, आणि घसा फाटेपर्यंत ओरडत राहिलो, बरगड्या दुखेपर्यंत. आन्या वर माझ्याकडे बघत होती आणि तिचं तोंड उघडं होतं, ती हसत होती की ओरडत होती ते कळत नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा ऊन अजून होतं आणि जगाचा आवाज बंद झाला होता. कानांत एकच लांब शिट्टी. गाड्या काचेमागून जाव्यात तशा जात होत्या. आन्या गाडी चालवताना सतत बोलत होती, मी तिच्या गालांची हालचाल बघत होतो आणि मान हलवत होतो. घरासमोर आता आमचीच दुसरी गाडी होती. दार संजीवनं उघडलं. सोवळं जाऊन अंगावर टीशर्ट आला होता, डोळे लाल होते. तो दारातच बोलू लागला. ओठ हलत होते, भुवया जवळ आल्या होत्या, आणि सवयीप्रमाणे आवाज त्यानं खाली ठेवला असावा, शेजारी ऐकतील म्हणून. मला एक अक्षर पोचलं नाही. त्याच्यामागे, जेवणाच्या टेबलावर, एक पान झाकून ठेवलेलं दिसलं.

"संजीव," मी म्हणालो, "मोठ्यानं बोल. ऐकू येत नाही."

तो थांबला. हे वाक्य त्यानं या घरात कुणाकडून ऐकलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटलं. मग त्याची मान ताठ झाली, गळ्याच्या शिरा फुगल्या, आणि माझा तो सारा जन्म हळू बोललेला मुलगा दारात उभा राहून, उघड्या रस्त्यावर, गाव गोळा होईल एवढ्या मोठ्यानं ओरडला.

"लाज वाटली मला, बाबा! सगळ्यांसमोर! खूप लाज वाटली!" श्वास घेऊन तो पुन्हा ओरडला, "आणि सकाळपासून काही खाल्लंत का तुम्ही?"

समोरच्या घराचा पडदा हलला. मी उंबऱ्यावर चपला काढल्या.

"नाही," मी तितक्याच मोठ्यानं म्हणालो. "हे मला ऐकू आलं. वाढ."